परजीवी गांधीलमाशीची नवी जात जाहीर करताना: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

घणसोलीत आमच्या इमारतीमागे एक मोकळा प्लॉट होता. पावसाळ्यात तिथे एरंड माणसाच्या उंचीएवढा वाढायचा. एका ऑगस्टमध्ये त्या एरंडावरच्या उंटअळीच्या मागच्या टोकाशी एक तपकिरी कोश चिकटलेला दिसला. अळी डबीत घालून घरी आणली. काही दिवसांनी डबीत एक बारीकशी काळी गांधीलमाशी फिरत होती आणि माझी खात्रीच पटली की ही जगात कोणी पाहिलेली नाही. ती मायक्रोप्लायटिस मॅक्युलिपेनिस निघाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाव मिळालेली, एरंडाच्या किडींवर काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असलेली. आता तिला स्नेलेनियस वंशात ठेवतात.

पुढे बऱ्याच वर्षांनी दोन सहलेखकांबरोबर मी खरोखरच एका नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. मधल्या काळात वेळ कुठे वाया गेला, कुठे नमुने हातचे गेले आणि कोणते कागद उशिरा सुचले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. प्राणिशास्त्राची पदवी नसली तरी चालेल. चिकाटी मात्र हवी, आणि जाणकाराला प्रश्न विचारायची तयारीही.

दोन शब्द आधी नक्की करू. वर्तमानपत्रात ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीज आणि जीनस दोन्हींसाठी वापरतात. मी स्पीशीजला ‘जात’ आणि जीनसला ‘वंश’ म्हणते. दुसरा शब्द पॅरासिटॉइड. उवा किंवा जळू आपल्या यजमानाला, म्हणजे ज्याच्यावर जगतात त्या प्राण्याला, सहसा मारत नाहीत. पॅरासिटॉइड माशी अळीच्या अंगात अंडी घालते, तिची पिल्लं अळीला आतून खातात आणि शेवटी अळी मरते. मराठीत दोघांनाही ‘परजीवी’ म्हणतात, पण हा फरक लक्षात असू द्या.

१. नमुना मिळवा, यजमानासकट

पिवळ्या वाडग्यात साबणाचं पाणी ठेवलं की पुष्कळ बारीक माश्या त्यात पडतात. जाळी फिरवूनही मिळतात. पण नवख्या माणसाने अळ्या घरी वाढवून माश्या मिळवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. वाडग्यातली माशी कोणावर जगते ते कधीच कळत नाही. डबीतल्या माशीची सगळी कुंडली तुमच्या हातात असते.

कढीपत्ता, लिंबू, रुई, करंज, एरंड, कुंपणावरच्या रानवेली या ठिकाणी जुलै ते ऑक्टोबर पानं उलटून बघा. सुस्त, फिकट, खाणं सोडलेली अळी दिसली की ती घ्या. पानावर कापसाच्या बोंडासारखा पांढऱ्या कोशांचा पुंजका असेल तर तोही. मात्र काही फुलपाखरांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून अळी कोणाची आहे ते उचलण्याआधी ओळखा.

एका डबीत एकच अळी ठेवा. तळाला टिश्यू पेपर घाला आणि झाकणाला मलमलचं कापड लावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद डबीत दोन दिवसांत बुरशी धरते. विष्ठा रोज काढा, पान रोज बदला. मुंग्यांसाठी आजीचा उपाय करा: स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

आता या पायरीवरचे दोन सापळे.

पहिला: कोशातून बाहेर आलेली माशी म्हणजे कोश विणणारीच असेल असं नाही. परजीवीवरही परजीवी असतात. भिंगातून रिकामा कोश बघा. ज्या सूक्ष्म माश्यांबद्दल मी बोलते आहे, त्या मायक्रोगॅस्ट्रिनी उपकुळातल्या, त्या कोशाच्या एका टोकाला गोल झाकण कापून बाहेर येतात. झाकण कधी कधी बिजागरीसारखं लटकत राहतं. कोशाच्या बाजूला वेडंवाकडं कुरतडलेलं भोक असेल तर बहुधा दुसरीच कोणी बाहेर पडली आहे. माझ्या एका पुंजक्यातल्या कोशांपैकी जवळजवळ निम्म्यांना असं भोक होतं आणि मी सगळ्या माश्या एकाच बाटलीत घातल्या होत्या. त्या वेगळ्या करण्यात आठवडा गेला.

दुसरा: मेलेली अळी फेकू नका. मी पहिल्यांदा तज्ज्ञांकडे नमुने घेऊन गेले तेव्हा त्यांनी माश्यांकडे बघण्याआधी विचारलं, “अळी कुठे आहे, ताई?” मी ती कचऱ्यात टाकली होती. अळीचं सुकलेलं कातडंही जपायचं असतं. जिवंतपणी काढलेले फोटो तर हवेतच, पाठीवरून आणि बाजूने, झाडाच्या पानासकट. एकाच झाडावरून तशाच दुसऱ्या दोनचार अळ्या आणून त्यांचं फुलपाखरू किंवा पतंग होऊ द्या, म्हणजे यजमानाची ओळख पक्की होते.

२. परवानगी

इथे आळस नको. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून एक मुंगीसुद्धा उचलायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. त्यासाठीचा अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नागपूरच्या कार्यालयाकडे जातो. कर्नाळा पक्षी अभयारण्य आणि २०१५ साली जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य यांनाही वन्यजीव कायदा लागू आहे. अर्ज एखाद्या कॉलेजच्या किंवा संशोधन संस्थेच्या पत्रावर असला तर काम सोपं होतं. तरीही वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यासाठीचा अर्ज हिवाळ्यातच करा.

सुरुवातीला स्वतःची बाल्कनी, सोसायटीची बाग, कॉलेजचं आवार अशी ठिकाणं धरा. जागामालकाची चार ओळींची संमती लिहून घ्या. नंतर संपादक ती मागतात.

३. जतन आणि लेबल

माशी बाहेर आली की लगेच मारू नका. पंख आणि अंग पूर्ण कडक व्हायला तिला साधारण एक दिवस द्या, नाहीतर सुकल्यावर ती चुरगळते. मग काही माश्या ९५ टक्के इथेनॉलमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवा, डीएनएसाठी. बाकीच्या ७० टक्क्यांत. इथेनॉल मिळवणं सोपं नाही, त्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. परवाना असलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेशी जोडून घ्या.

लेबल पेन्सिलीने किंवा इंडियन इंकने लिहा. मी जेल पेनने लिहिली होती. महिन्याभराने बाटल्या काढल्या तेव्हा इथेनॉल फिकट निळं झालं होतं आणि आतले कागद कोरे होते. अकरा बाटल्या, त्यातल्या सात कुठल्या झाडावरच्या होत्या हे मला आजही सांगता येत नाही. ते नमुने शास्त्राच्या दृष्टीने गेले ते गेलेच.

लेबलवर देश, राज्य, जिल्हा, नेमकं ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, यजमान, झाड आणि गोळा करणाऱ्याचं नाव येतं. महिना रोमन अंकात लिहायची पद्धत आहे. ५/८ ही आपल्याकडे पाच ऑगस्ट असते आणि अमेरिकेत आठ मे. अळी मिळाल्याची, कोश झाल्याची आणि माशी बाहेर आल्याची अशा तिन्ही तारखा वहीत हव्यात.

सुकवलेली माशी जाड कागदाच्या टोकदार त्रिकोणावर बाजूने चिकटवतात, त्रिकोणाची रुंद बाजू टाचणीवर बसते. डिंक अगदी टिंबाएवढा, आणि पाठ, तोंड, पाय झाकले जाणार नाहीत असा. पेटीत सिलिका जेल ठेवा. खाडीकाठच्या हवेत त्याशिवाय टाचणीला गंज आणि माशीला बुरशी ठरलेली.

४. वंशापर्यंत पोचा

यासाठी स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो. घरी घ्यायची गरज नाही, ठाण्या-वाशीतल्या कॉलेजांत विनंती केल्यावर शनिवारी बसू देतात.

मायक्रोगॅस्ट्रिनीमधल्या माशीच्या शृंगिकेला, म्हणजे डोक्यावरच्या मिशीला, १८ खंड असतात, ही पहिली खूण. मग पुढच्या पंखातल्या शिरांमध्ये एक छोटा कप्पा बंद आहे की उघडा, ते बघा. त्यानंतर कमरेच्या अगदी वरचा भाग, म्हणजे प्रोपोडियम. कोटेशिया वंशात तो खडबडीत, सुरकुत्यांचा असतो. ग्लिप्टापँटेलिसमध्ये बऱ्यापैकी गुळगुळीत. उदराच्या पहिल्या दोन खंडांच्या पाठीचा आकार आणि अंडनिक्षेपकाची लांबी या पुढच्या खुणा. प्रकाश एका बाजूने तिरका टाका. समोरून टाकला तर सुरकुत्या दिसतच नाहीत आणि खडबडीत माशी गुळगुळीत वाटते. मी एक अख्खी मालिका अशीच चुकीच्या वंशात टाकली होती.

५. जुनं वाङ्मय: खरं काम इथे आहे

तुमच्या माशीचं नाव आधीच कोणीतरी ठेवलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. या एकट्या उपकुळाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत ८१ वंश आणि २,९९९ जाती आहेत. म्हणून ‘नवी आहे’ म्हणण्याआधी त्या वंशातल्या भारतातल्या आणि शेजारच्या देशांतल्या प्रत्येक जातीशी तुलना करावी लागते.

यादी काढताना नवखा माणूस हमखास फसतो तो इथे: जुन्या लेखांत तुमचा वंश शोधून थांबतो. पूर्वी शेकडो जाती अपँटेलिस या एकाच वंशात कोंबलेल्या होत्या. १९८१ साली कॅनडातल्या मेसन यांनी तो वंश फोडला आणि त्यातल्या असंख्य जाती कोटेशिया, ग्लिप्टापँटेलिस आणि इतर वंशांत गेल्या. म्हणजे तुमची ग्लिप्टापँटेलिस १९२८ च्या विल्किन्सनच्या इंडो-ऑस्ट्रेलियन अपँटेलिसवरच्या कामात बसलेली असू शकते. कोबीच्या फुलपाखरावरची कोटेशिया ग्लोमेराटा बघा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली तिला इक्न्युमॉन ग्लोमेराटस म्हटलं, पुढे ती अपँटेलिस ग्लोमेराटस झाली आणि आता कोटेशिया ग्लोमेराटा आहे. माशी तीच, घर तिसरं.

मी एक वही केली. डाव्या पानावर जातीचं मूळ नाव, आजचं नाव, कुठून वर्णन झालं, यजमान कोण. उजव्या पानावर माझ्या माशीपेक्षा वेगळी अशी निदान दोन लक्षणं, लेखाच्या पान क्रमांकासह. उजवं पान कोरं राहील त्या जातीचा नमुना प्रत्यक्ष बघावा लागतो. जुनी वर्णनं कधी कधी आठ-दहा ओळींची असतात, त्यांत ‘काळी, पाय पिवळसर’ याहून फारसं काही नसतं. अशा वेळी ठाण्याहून पुण्याला जाऊन आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रात वेळ मागा. शेतीशी संबंधित कीटकांसाठी बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था आणि दिल्लीचा राष्ट्रीय पुसा संग्रह आहे. फोर्टातल्या हॉर्नबिल हाउसमध्ये १८८३ पासून चालत आलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आणि ग्रंथालय आहे. लोकलने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

एवढी काटेकोर ओळख कशासाठी, असं घरचेही विचारतात. पपईवरच्या पिठ्या ढेकणाने २००८ पासून आपल्याकडे बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. २०१० साली पोर्तो रिकोहून तीन सूक्ष्म परजीवी माश्या आणल्या गेल्या आणि त्यातल्या असेरोफॅगस पपायी या माशीने तो आटोक्यात आणला. कोणती माशी नेमक्या कोणत्या किडीवर जगते याची नोंद आधी कोणीतरी मायक्रोस्कोपखाली बसून केली होती, म्हणून हे जमलं.

६. डीएनए बारकोड

सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो सार्वजनिक माहितीसाठ्याशी ताडून बघतात. त्यासाठी माशीचा एक मागचा पाय पुरतो. बारकोड जरूर करा, दिसायला सारख्या जातींमध्ये तो मोठा आधार आहे. पण फक्त त्याच्या भरवशावर जात जाहीर करू नका. कीटकांच्या पेशींत राहणाऱ्या व्होल्बाकिया जीवाणूमुळे हा तुकडा कधी कधी दिशाभूल करतो. आणि भारतातल्या जुन्या जातींपैकी अनेकांचे बारकोड साठ्यात नाहीत, त्यामुळे ‘जुळत नाही’ याचा अर्थ ‘नवी’ असा होत नाही. २०२१ साली कोस्टा रिकातल्या ब्रॅकोनिड कुळातल्या (आपलं उपकुळ याच कुळातलं) माश्यांच्या चारशेवर जाती मुख्यतः बारकोडवरून जाहीर झाल्या, तेव्हा यावरून मोठा वाद झाला होता.

नमुने किंवा डीएनए परदेशी प्रयोगशाळेत पोस्टाने पाठवायचा विचार असेल तर थांबा. जैवविविधता कायद्याचे नियम लागू होतात. आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पूर्ण करा किंवा भारतातच तपासून घ्या.

७. वर्णन, मोजमापं, फोटो

एक नमुना होलोटाइप म्हणून, म्हणजे ज्याच्याशी जातीचं नाव कायमचं बांधलं जातं तो नमुना म्हणून, निवडा, शक्यतो सगळे अवयव शाबूत असलेली मादी. वर्णनासाठी वापरलेले बाकीचे नमुने म्हणजे पॅराटाइप. वर्णन डोक्यापासून उदराच्या टोकापर्यंत ठरलेल्या क्रमाने लिहा. मोजमापं गुणोत्तरात द्या, कारण माशी लहान-मोठी होते पण गुणोत्तरं फारशी बदलत नाहीत. जितके नमुने मोजले तितक्यांची किमान आणि कमाल मूल्यं द्या. मायक्रोस्कोपच्या डोळा लावायच्या भिंगातली मोजपट्टी त्याच मायक्रोस्कोपवर, त्याच झूमवर तपासून घ्या.

फोटोसाठी वेगवेगळ्या खोलीवर वीस-तीस चित्रं घेऊन सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करतात. प्रत्येक चित्रावर मोजपट्टी हवी. चेहरा, पाठ, प्रोपोडियम, उदराचे पहिले तीन खंड, पंख, बाजूने अख्खी माशी आणि कोश एवढे फोटो तरी हवेतच.

सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद म्हणजे फरकाचा: ही जात सर्वांत जवळच्या अमुक जातीपासून अमुक लक्षणांनी वेगळी आहे. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार ही अट आहे. आमचा पहिला मसुदा परत आला तो इथेच. सहा पानं वर्णन होतं आणि फरक दोन ओळींत उरकला होता.

८. नाव

नाव रोमन लिपीत आणि लॅटिन वळणाचं लागतं. ठिकाणावरून ठेवलं तर शेवटी ‘एन्सिस’ येतं. स्त्रीच्या नावावरून असेल तर ‘ए-ई’, पुरुषाच्या नावावरून असेल तर ‘आय’. विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे चालतं, म्हणून अपँटेलिसमध्ये ग्लोमेराटस आणि कोटेशियात ग्लोमेराटा. त्या वंशात तेच नाव आधी वापरलेलं नाही ना, हे जुन्या-नव्या दोन्ही याद्यांत बघा. स्वतःचं नाव द्यायचा संकेत नाही.

आणि लेख प्रसिद्ध होईपर्यंत ते नाव व्हॉट्सअ‍ॅपवर, भाषणात, स्थानिक बातमीत कुठेही जाऊ देऊ नका.

९. होलोटाइप जमा करा

घरच्या पेटीत होलोटाइप ठेवून चालत नाही. तो कुठल्या संग्रहात आहे हे लेखात लिहावं लागतं. त्याशिवाय आपल्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी जात सापडल्यास मान्यताप्राप्त भांडाराला, म्हणजे नमुने सांभाळणाऱ्या संस्थेला, कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. प्राणी सर्वेक्षण संस्था असं भांडार आहे. नोंदणी क्रमांक हाती आल्याशिवाय लेख पाठवू नका. स्वतः घेऊन जा, आणि पेटी मांडीवर ठेवा. आमचा एक पॅराटाइप कुरिअरमध्ये डोक्यावेगळा झाला.

१०. प्रसिद्धी

वर्गीकरणशास्त्राची नियतकालिकं थोडी आहेत: झूटॅक्सा, झूकीज, गांधीलमाश्यांसाठीचं जर्नल ऑफ हायमेनोप्टेरा रिसर्च, कोइंबतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा. शुल्क आहे की नाही ते आधी वाचा. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. तिथे घाईने दिलेलं वाईट वर्णनसुद्धा संहितेच्या अटी पुरी करत असेल तर नाव म्हणून उभं राहतं आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ते निस्तरावं लागतं.

लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर तो झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदवलेला असावा लागतो आणि त्या नोंदीचा पुरावा लेखातच दिसावा लागतो. ही तरतूद २०१२ साली आली. नोंदणीला पैसे पडत नाहीत, बरीच नियतकालिकं ती स्वतःच करतात. तरी अंतिम प्रुफात तो क्रमांक आहे का ते डोळ्यांनी बघा.

जवळ असू द्या

कागद: वनविभागाची परवानगी किंवा जागामालकाची संमती, तारीखवार वही, यजमानाचे आणि झाडाचे फोटो, भांडाराची पोच आणि नोंदणी क्रमांक, सहलेखकांची लेखी संमती.

सामान: मलमलच्या झाकणाच्या डब्या, १० पटीचं भिंग, पिवळे वाडगे, दोन मापांचं इथेनॉल, बारीक ब्रश, चिमटा, कीटकांच्या टाचण्या, जाड कागद, पेन्सिल, सिलिका जेल, झाकण घट्ट बसणारी पेटी.

लेख निघाला की त्याची प्रत भांडाराला, परवानगी देणाऱ्या कार्यालयाला आणि जागामालकाला पाठवा. पॅराटाइपवरची लेबलं नव्या नावाने बदलून घ्या. आणि त्या जागी पुढच्या पावसाळ्यातही जा. आमच्या लेखात यजमान एकच नोंदला आहे. घणसोलीच्या त्या प्लॉटवर आता इमारत आहे, म्हणून आमच्या माशीचा यजमान जिच्यावर होता तीच वेल मी रबाळ्याच्या बाजूच्या कुंपणावर शोधून काढली आहे आणि दर रविवारी सकाळी तिची पानं उलटून बघते.